मास्तर दोन दिवस बोलले

माप घेताना तोंडाने आकडा उच्चारायचा नाही, हा मास्तरांच्या दुकानातला नियम होता. तो मास्तरांनीच केला होता आणि मास्तरच पाळत होते, कारण दुकानात दुसरं कोणी नव्हतंच. बाकीचे शिंपी गिऱ्हाइकाच्या पोटाभोवती टेप गुंडाळतात, "बेचाळीस" म्हणून ओरडतात, पलीकडचा ते लिहून घेतो आणि बाकावर बसलेली चार माणसं बेचाळीस म्हणजे केवढं ते मान उंचावून बघून घेतात. मास्तरांना हे जुलमी वाटे. माणूस आपल्याकडे चांगलं दिसायला येतो, स्वतःची धिंड काढून घ्यायला नाही, असं ते म्हणत. म्हणजे एकदा म्हणाले होते. एरवी ते फारसं काही म्हणत नसत. टेप लावायचा, बघायचं, मान हलवायची, कानावरची पेन्सिल काढायची आणि वहीत आपल्याच खुणांनी लिहून ठेवायचं. चाळीस वर्षांत त्या वहीतली एक ओळ दुसऱ्या कोणाला वाचता आली नव्हती.

त्यामुळे अख्ख्या गल्लीची गुपितं त्यांच्या पोटात होती. पाववाल्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धं बोट आखूड होता. शाळेच्या मोठ्या बाईंचा डावा खांदा उतरता होता. त्यांच्या प्रत्येक कोटाच्या डाव्या खांद्यात मास्तर थोडा जास्त कापूस भरत आणि बाईंना वाटे, आपण ताठ उभ्या राहतो. बँकेतला कॅशियर वर्षानुवर्षं "जुनंच माप घ्या" असं सांगून जाई, आणि तो पाठमोरा झाला की मास्तर नुसत्या डोळ्यांनी नवं माप घेत. गल्ली त्यांना 'मुके मास्तर' म्हणायची आणि कपडे त्यांच्याकडेच टाकायची.

सगळ्यात मोठं गुपित मात्र घरातच खुंटीवर टांगलेलं होतं. ते म्हणजे मास्तरिणीचं हिरवं मखमली जाकीट.

चौतीस वर्षांपूर्वी ती हे जाकीट शिवून घ्यायला दुकानात आली होती. जिथे एकदा घालून बघितलं की भागतं तिथे मास्तरांनी तिला चार वेळा बोलावलं. पाचव्या वेळी तिनेच विचारलं, "जाकीट झालं असेल तर आता लग्नाचं बोलायचं का?" तेव्हापासून घरात बोलायचं खातं तिच्याकडे होतं. आणि तेव्हापासून नात्यातल्या प्रत्येक लग्नाला ती तेच जाकीट घालत आली होती. शेवटचं बटण लावायचं, थोरल्या बहिणीसमोर जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "लग्नाआधीचं आहे. अजून होतं." मग थोरली बहीण, जिची चार कपाटं या काळात बदलून झाली होती, नुसती हसायची. हे एक वाक्य म्हणायला मिळावं म्हणून मास्तरीण लग्नांना जायची असं म्हटलं तरी चालेल.

ते होत होतं, कारण दर लग्नाआधी मास्तर "जरा इस्त्री मारून देतो" म्हणून जाकीट दुकानात न्यायचे आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून थोडं सैल करायचे. कधी दोऱ्याएवढं, कधी पाव बोट. शिवणीच्या आत शिंपी जास्तीचं कापड सोडून ठेवतो त्याला माया म्हणतात. मास्तरांनी या जाकिटात ती पहिल्यापासूनच सढळ सोडली होती. परत शिवताना ते जुन्या टाक्यांच्या भोकांवर वाफ धरून भोकंसुद्धा बुजवायचे. चौतीस वर्षं मास्तरीण एकाच मापाची राहिली.

मागच्या लग्नाच्या आधी मास्तरांनी जाकीट उलटं केलं आणि त्यांच्या लक्षात आलं की शिवण कापडाच्या अगदी काठाला आली आहे. आता आणखी एक दोरा सोडला असता तरी मखमल विसविशीत होऊन सुटली असती. आणि मेहुणीच्या, म्हणजे त्याच थोरल्या बहिणीच्या, धाकट्या मुलीचं लग्न तर ठरलेलं होतं. त्याच सुमारास मास्तरांच्या छातीत दुखायला लागलं. या दोन गोष्टींचा संबंध डॉक्टरांनी लावला नाही. त्यांनी तीन रक्तवाहिन्या बंद आहेत असं सांगून छाती उघडायची तारीख दिली.

ऑपरेशन छान झालं. सर्जन स्वतः बाहेर येऊन मास्तरिणीला तसं सांगून गेले. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या घशातली नळी काढली, तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि ते बोलायला लागले.

ते दोन दिवस बोलत होते. नर्सने मास्तरिणीला समजावून सांगितलं की एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर काही पेशंटचं असं होतं. भूल असते, झोप नसते, रात्रंदिवस दिवे जळत असतात, मेंदू गोंधळतो. माणूस बरळतो, नळ्या ओढतो, कुठे आहे ते त्याला कळत नाही. उतरेल ते. वाद घालायचा नाही, फक्त हात धरून बसायचं. मास्तरीण हात धरून बसली. लग्नाच्या चौतीस वर्षांत त्यांचं मिळून जेवढं बोलणं तिने ऐकलं नव्हतं तेवढं तिने त्या दोन दिवसांत ऐकलं.

मास्तरांना यातलं काहीच आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की छताला ओळीने पांढरी बटणं लावली होती आणि त्यातलं एक तुटलं होतं. पाचव्या दिवशी ती बटणं म्हणजे दिवे आहेत हे त्यांना कळलं आणि नर्स म्हणाली, "आलात का परत? मला ओळखलंत? मी अडतीस, तीस, चाळीस."

मास्तरांनी नुसत्या डोळ्यांनी माप घेतलं. आकडे बरोबर होते.

"मी काय बोललो?" त्यांनी बसलेल्या घशातून विचारलं.

"खूप," असं म्हणून ती पलीकडच्या खाटेकडे गेली.

मास्तरीण भेटायला आली तेव्हा त्यांनी तिलाही तेच विचारलं. "काही नाही," ती म्हणाली आणि संत्रं सोलायला बसली. साध्या प्रश्नाला तीन वाक्यांचं उत्तर देणारी बाई दोन शब्दांत आटपते म्हटल्यावर मास्तरांनी काय ते ओळखलं. त्यात तिने संत्र्याच्या फोडींवरचे पांढरे दोरेसुद्धा काढून दिले. एवढे लाड तिने याआधी कधी केले नव्हते.

दहाव्या दिवशी घरी पाठवलं तेव्हा बरोबर एक उशी दिली. खोकला आला की ती छातीशी घट्ट धरायची, नाहीतर मधलं हाड हलतं. एक प्लास्टिकचं यंत्र दिलं, त्यात तीन चेंडू होते. नळीतून श्वास ओढून ते वर उचलून धरायचे. मास्तरांचा एकच चेंडू उठायचा आणि तोही लगेच खाली पडायचा. वजन उचलायचं नाही, हात डोक्यावर न्यायचे नाहीत, इस्त्रीचं तर नावच काढायचं नाही. आणि रोज चालायचं. चालायचं म्हणजे चालायचंच, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तीनदा बजावलं.

मास्तर चालले नाहीत. चालायचं म्हणजे गल्लीत जायचं, आणि गल्लीत कोणत्या तोंडाने जायचं? खिडकीच्या पडद्याआडून ते बघत. पाववाला उंबऱ्यात उभा दिसला की त्यांना वाटे, हा आता दोन्ही पाय सारखे दाखवायला उभा आहे. शाळेच्या मोठ्या बाई रस्त्याने जाताना त्यांच्या घराकडे न बघता गेल्या, तर त्यांनी ऐकलं. बघून गेल्या, तर नक्कीच ऐकलं. चाळीस वर्षं राखलेलं सगळं दोन दिवसांत आपण चव्हाट्यावर मांडलं याची त्यांना खात्रीच झाली होती. पण खरी धास्ती एकाच गोष्टीची होती. जाकिटाचं बोललो का? ते बोललो असू तर संपलं. गिऱ्हाइकं दुसरा शिंपी शोधतील. तिच्यापाशी ते एकच वाक्य होतं.

बोललो असू याची चिन्हं तर घरभर दिसत होती. मास्तरीण भांडत नव्हती. पथ्याचं जेवण तिने पुढे ठेवलं आणि मास्तरांनी अर्धं टाकलं, तरी "बरं" म्हणून ताट उचलायची. दुपारी समोरच्या खोलीत, म्हणजे दुकानात, जाऊन आतून कडी लावायची. "झाडलोट करते," म्हणायची. झाडूचा आवाज यायचा नाही. मास्तरांना वाटे, बसली असेल एकटी रडत. तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. विचारलं तर "भाजी चिरताना," एवढंच. तिसऱ्या दिवशी पट्ट्या चार झाल्या. माणसाचं चित्त थाऱ्यावर नसलं की विळीही दावा साधते, असं मनाशी म्हणून मास्तर अपराध्यासारखे उशीला धरून बसत.

मेहुणी तर फिरकलीसुद्धा नाही. लग्नाचं आमंत्रण तिने फोनवर बहिणीला दिलं आणि "भाऊजींना झेपणार असेल तर आण," असं वर लावलं.

अशाने माणूस बरा व्हायचा कसा? जेवण कडू लागे. सकाळी उठल्याबरोबर डोळ्यांत उगाच पाणी येई. जखम दुखत होती त्यापेक्षा मास्तर जास्त दुःखी होते. तपासणीला गेले तेव्हा पाय सुजले होते आणि डाव्या फुप्फुसाच्या तळाशी पाणी साठलं होतं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशननंतर असं उदास वाटतं, बऱ्याच जणांना वाटतं. पण बसून राहिलात तर हे पाणी वाढेल. आठ दिवस बघतो. नाहीतर परत दाखल करून नळी घालावी लागेल." परत त्या दिव्यांखाली! तिथे आणखी काय बोललो तर? मास्तरांनी मान डोलावली, घरी आले, दारापर्यंत चालले आणि परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. पोस्टमन आला होता.

हा पोस्टमन त्यांच्याच गल्लीत तीस वर्षं पत्रं वाटून निवृत्त झालेला. त्याचीही छाती त्याच सर्जनने, मास्तरांच्या तीन दिवस आधी उघडली होती. त्याला बरळ वगैरे काही लागली नव्हती; उलट त्याची झोपच उडाली होती. आणि तो नेमका मास्तरांच्या शेजारच्या खाटेवर होता. खोकल्याची उशी त्याने आपल्या जुन्या पत्रांच्या झोळीत घातली होती.

"चला फिरायला," तो म्हणाला.

"मला नाही जमत."

"मास्तर, मी शेजारी होतो. दोन्ही दिवस जागा होतो."

मास्तरांचा हात आपोआप उशीकडे गेला. "मग सांगा. मी काय बोललो?"

"घरात नाही सांगणार. त्या व्यायामाच्या बाईंनी दिव्याचे खांब मोजून चालायला सांगितलंय ना? एका खांबाला एक गोष्ट. आज पहिल्या खांबाची सांगतो."

याला अडवणूक म्हणतात, असं मास्तरांनी त्याला सांगितलं. पोस्टमनने ते मान्य केलं आणि दार उघडून धरलं. मास्तरांनी चपला घातल्या, उशी काखेत मारली आणि खाली मान घालून पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत गेले. तेवढ्यानेच ते धापा टाकायला लागले. गल्लीत त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही, पण हे त्यांना कळायला त्यांची मान वर असायला हवी होती.

"सर्जन बघायला आले," पोस्टमन खांबाला टेकून म्हणाला. "तुम्ही त्यांना म्हणालात, डावा खांदा बोटभर उतरता आहे, कोट तयार विकत घेतलेला दिसतो, बगलेत ओढतोय. मग त्यांच्याबरोबरच्या सगळ्या डॉक्टरांना सांगितलंत, यांच्या हातात कात्री देऊ नका, यांचा हात तिरका जाईल."

"देवा," मास्तर म्हणाले. "आणि ते?"

"ते म्हणाले, कात्री परवाच चालवून झाली."

मास्तरांना हसू आलं. हसल्यावर छाती दुखली, छाती दुखली म्हणून त्यांनी उशी आवळली, ते बघून पोस्टमनला हसू आलं आणि त्यानेही झोळीतली उशी काढली. एका खांबाखाली दोन म्हातारे दोन उशा कवटाळून कण्हत हसताना बघून समोरून जाणारी एक बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

दुसऱ्या खांबाला नर्सची गोष्ट निघाली, तिसऱ्या खांबाला मेहुणीची. मेहुणी सगळ्यांच्या आधी भेटायला आली होती, आणि भाऊजींनी तिला बघताक्षणी तिची चारही मापं वॉर्डभर ऐकू जातील अशी सांगितली होती. वर, "मागच्या लग्नात तुमच्या ड्रेसची चेन पाठीवर अर्धी उघडी होती, म्हणून तुम्ही शाल सोडली नाहीत," हेही. ती संत्री ठेवून गेली ती गेलीच. मास्तरिणीने सोलली ती हीच संत्री.

चौथ्या खांबापर्यंत जायला दोन दिवस लागले. तिथे मास्तरांनी स्वतःच विचारलं, "गल्लीचं काय? गिऱ्हाइकांचं?"

"आकडे तर दोन दिवस चालूच होते," पोस्टमन म्हणाला. "बेचाळीस, साडेचव्वेचाळीस, अमक्याला अर्धा कमी, तमक्याला पाव जास्त. पण नाव एकाचंही घेतलं नाहीत. मी याच गल्लीतला माणूस, मला झोप नाही, दुसरा उद्योग नाही. मी जुळवून बघायचा खूप प्रयत्न केला. एकही जुळला नाही. समोर जो उभा राहील त्याला मात्र सोडलं नाहीत."

मास्तरांनी खांबाला हात टेकला. भान नसलेला माणूस काय काय बोलतो, पण नाव नाही घेतलं. मग त्यांनी मान वर करून गल्लीकडे नीट बघितलं. पाववाला उंबऱ्यात उभा होता, एका पायावर जोर देऊन, नेहमीसारखा. त्याने हात केला. मास्तरांनी उशीच हलवली. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी दोन चेंडू उठवले आणि ताट पुसून खाल्लं.

पण जेवून उठताना त्यांना आठवलं, समोर जो उभा राहील त्याला सोडलं नाही. आणि दोन दिवस समोर हात धरून कोण बसलं होतं?

पाचव्या खांबाला त्यांनी काही ऐकून घेतलं नाही. "उद्या," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र तो खांब मागे टाकून थेट सहाव्याला जाऊन थांबले. "आता सांगा. बायकोला काय बोललो?"

पोस्टमनने झोळी खाली ठेवली. "मास्तर, मी तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली. एकही फोडलं नाही. हेही मी कोणाला सांगितलेलं नाही. तुमचंच आहे म्हणून तुम्हाला देतो. तुम्ही बायकोला ओळखलंच नाहीत. तुम्हाला वाटलं, दुकानात गिऱ्हाईक आलंय. म्हणालात, बाई, तुम्ही परक्या म्हणून सांगतो. ते हिरवं जाकीट माझ्या बायकोचं आहे. दर लग्नाला मी ते उसवून सैल करतो, तिला माहीत नाही. तिला वाटतं तिचं माप तेच आहे. आता आत कापड उरलं नाही. या लग्नाला ते बसायचं नाही आणि बहिणीपुढे तिची मान खाली जाईल. एवढा मोठा मास्तर, मला बायकोचं एक जाकीट पुरवता आलं नाही. मग तुम्ही रडलात. चांगले मोठ्याने रडलात."

मास्तरांनी विचारलं, "आणि ती?"

"तुम्ही म्हणालात, माझ्या बायकोला सांगू नका. ती म्हणाली, नाही सांगत. तुम्ही म्हणालात, शपथ घ्या. तिने तुमच्या गळ्याची शपथ घेतली. तुम्ही म्हणालात, माझ्या गळ्याचा काही भरवसा नाही, आताच नळी काढलीये. मास्तरिणीच्या गळ्याची घ्या. तिने तीही घेतली."

मास्तर शेजारच्या पायरीवर बसले आणि उशीत तोंड घालून रडले. तिथे लाज वाटायला कोणी नव्हतं. शेजारी बसलेल्या माणसाने त्यांना याहून वाईट अवस्थेत बघितलेलं होतं. ती "काही नाही" का म्हणत होती ते आता कळलं. विचारलं तरी ती सांगणार नव्हती. तिने शब्द दिला होता, आणि तोही परक्या बाईच्या वतीने. परतीचे सहा खांब ते कुठेही न टेकता चालले.

लग्नाच्या दिवशी सकाळी मास्तर दुकानात आपला कोट घ्यायला गेले. महिनाभराने पहिल्यांदाच. कात्री भलत्याच खिळ्यावर होती. कोपऱ्यात कपडे घालून बघायची जागा होती, तिथला हिरवा पडदा खालून चांगला हातभर आखूड झाला होता. आता आत उभ्या राहिलेल्या माणसाच्या पोटऱ्या दिसल्या असत्या. मास्तर पडद्याकडे बघत राहिले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बघा हो, अजून होतं की नाही?"

मास्तरीण जाकीट घालून उभी होती. शेवटचं बटण लागलं होतं. दोन्ही बगलांपासून कमरेपर्यंत पडद्याच्या कापडाची एकेक पट्टी घातलेली होती. पडदा मखमलीचा नव्हता आणि हिरवाही वेगळाच होता. या बाईने आयुष्यात एकदाच बटण लावलं होतं, तेव्हा ते काजासकट शिवून टाकल्यामुळे मास्तरांना सदरा डोक्यातून काढावा लागला होता. इथे तर तिने दोन हात लांबीची शिवण घातली होती. एक टाका मोठा, एक बारीक, तिसरा कुठे गेला ते त्यालाच ठाऊक. एका बाजूची पट्टी गोळा झाली होती. चिकटपट्ट्यांखालची बोटं तिने मुठीत झाकून घेतली होती.

मास्तरांचे हात शिवशिवले. अर्ध्या तासाचं काम होतं. उसवून, दाबून, सरळ टाका घालून कोणाला दिसणारही नाही असं त्यांनी करून दिलं असतं. पण उसवायचं म्हणजे विचारावं लागलं असतं, आणि विचारलं तर तिची शपथ मोडणार होती. ती त्यांच्या तोंडाकडे न बघता भिंतीकडे बघत होती.

"होतं की," मास्तर म्हणाले. "छान होतं."

लग्नाच्या हॉलमध्ये अर्धी गल्ली आलेली होती. पाववाल्याचा केक होता, शाळेच्या मोठ्या बाई नवरीच्या बाजूने होत्या. मास्तर उशी काखेत घेऊन एका खुर्चीवर बसले. मास्तरीण नेहमीप्रमाणे थोरल्या बहिणीसमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही दंड अंगाशी दाबून धरत ती म्हणाली, "लग्नाआधीचं आहे, ताई. अजून होतं."

मेहुणी महिनाभर याच क्षणाची वाट बघत असावी. खांद्यावरची शाल सावरून तिने चष्मा लावला, बहिणीचा हात धरून वर केला आणि बगलेकडे बघितलं. "अगबाई, हे काय? हे ठिगळ कोणी लावलं?" आवाज असा काढला की केकपाशी उभे असलेलेही वळले. "हे असले टाके! शाळेतल्या पोरींनी शिवलं का?"

मास्तरिणीचा चेहरा उतरला. हात खाली घ्यायचंही तिला सुचेना. काही बोलावं तर शपथ आड येत होती, न बोलावं तर सगळे बघत होते.

"मी शिवलंय," मास्तर म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते. चाळीस वर्षांत चार माणसांत त्यांचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. मोठ्या बाईंनी नकळत स्वतःच्या डाव्या खांद्याला हात लावला.

"तुम्ही?" मेहुणी म्हणाली. "भाऊजी, तुम्ही हे असं शिवता?"

"मीच शिवलंय. ऑपरेशनपासून हात थोडा थरथरतो." आपलं गिऱ्हाईक कोण कोण ऐकतंय ते मास्तरांनी एकदा बघून घेतलं आणि पुन्हा सांगितलं, "माझे टाके आहेत."

"मग केवढं वाढवलंत ते तरी सांगा. आता काय लपवायचं?"

"माप मी तोंडाने सांगत नाही, ताई," मास्तर म्हणाले. "शुद्धीवर असलो तर."

मेहुणीने शाल दोन्ही हातांनी पुढे ओढून घेतली आणि वाढप कुठपर्यंत आलं ते बघायला निघून गेली.

हॉलपासून घर अकरा खांबांवर होतं. व्यायामाच्या बाईंनी अजून आठच खांबांची परवानगी दिली होती, तरी मास्तर पायीच निघाले. सातव्या खांबापाशी मास्तरिणीने त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला, तळवा उताणा केला आणि दिव्याखाली बराच वेळ धरून ठेवला. हात जरासुद्धा हलत नव्हता.

"थरथरत नाही हो," ती म्हणाली. "मग तिथे काय बोललात?"

"काही नाही," मास्तर म्हणाले.